विषारी वायू (खंदकयुद्धातील)

खंदकातल्या शत्रूला हुसकण्यासाठी किंवा जायबंदी करण्यासाठी सोडलेला दाहक, गुदमरवणारा वायू. पहिल्या महायुद्धात (1914–18) क्लोरीन, फॉस्जीन व मस्टर्ड हे प्रमुख. क्लोरीन हवेच्या सुमारे अडीचपट जड. तो जमिनीसरशी सरकत खंदकात उतरतो आणि गोळीपासून वाचवणारी जागाच घात करते. श्वासमार्ग भाजतो, फुप्फुसांत पाणी साठते.

दक्षिण कोकणाशी संबंध : आजच्या सिंधुदुर्गापैकी मालवण, देवगड, वेंगुर्ले तेव्हा रत्नागिरी जिल्ह्यात, तर कुडाळचा मुलूख सावंतवाडी संस्थानात होता. मराठा पलटणींची ही जुनी भरतीची भूमी. त्या पलटणी मुख्यतः मेसोपोटेमियात लढल्या; तिथे त्यांच्यावर वायूहल्ला झाला नाही. फ्रान्सच्या खंदकांत उतरल्या त्या खडकीच्या मुंबई सॅपर्सच्या 20 व 21 क्रमांकाच्या कंपन्या, ब्रिटिश हिंदी सैन्याच्या लाहोर डिव्हिजनबरोबर. त्यांत शीख व मुसलमानांसोबत मराठे होते.

27 ऑक्टोबर 1914 रोजी नव्ह शापेल येथे जर्मनांनी नाकाडोळ्यांची आग करणाऱ्या रसायनाचे सुमारे 3,000 गोळे टाकले. परिणाम इतका क्षीण की समोरच्या फौजेला तो जाणवलाही नाही. याला पहिला वायूहल्ला म्हणावे का, यावर एकमत नाही. दुसऱ्याच दिवशी, 28 ऑक्टोबरला, याच दोन कंपन्या 47व्या शीख पलटणीसह त्या गावात घुसल्या. पूल बांधणारी, सुरुंग लावणारी ही माणसे तिथे पायदळासारखी घरोघर लढली. त्यांचे सर्व ब्रिटिश अधिकारी मेले किंवा जखमी झाले. हा पराक्रम वायूच्या इतिहासात एरवी येत नाही. तो यायला हवा.

ईप्र (बेल्जियम), 1915 : 22 एप्रिलला जर्मनांनी 5,730 नळकांड्यांतून 150 टनांहून अधिक क्लोरीन फ्रेंच आघाडीवर सोडला. लाहोर डिव्हिजनला पायी कूच करवून तिथे आणले गेले. 26 एप्रिलला उघड्या चढावावर डिव्हिजनचा हल्ला चालू असतानाच क्लोरीनचा लोट आला. मुखवटे नव्हते, जवानांनी पागोट्याचे, रुमालाचे कापड भिजवून नाकातोंडावर दाबले. याच डिव्हिजनमधील जमादार मीर दस्त यांनी वायूने बाधित झालेल्या जवानांना सावरून धरले. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. आठवडाभरात डिव्हिजनने मृत, जखमी व बेपत्ता मिळून सुमारे 3,900 माणसे गमावली. हिंदी पायदळ 1915 अखेर फ्रान्सहून हलले.

स्मारक : नव्ह शापेल, 1927, 4,700 हून अधिक बेपत्ता हिंदी सैनिकांची नावे.

बंदी : जिनिव्हा करार, 17 जून 1925. भारताने आपला घोषित मस्टर्ड साठा 2009 मध्ये नष्ट केला.