बॅटरी, सेल आणि रात्रीची लाईट

परवा गावाकडून चुलतभावाचा फोन. "दादा, ती टॅक्टिकल टॉर्च म्हणतात, त्यातली कुठली घेऊ? पाचशेपासून पाच हजारांपर्यंत दिसतायत." शुक्रवारपासून त्यांच्या फिडरला थ्री फेज रात्रीची आहे. म्हणजे मध्यरात्री उसात दारं धरायला जायचं. त्याला उत्तर देताना माझ्या लक्षात आलं की या प्रश्नाला शंभर-सव्वाशे वर्षांचा इतिहास आहे, आणि तो फार साधासरळ नाही.

आपल्याकडे टॉर्चला बॅटरी म्हणतात आणि बॅटरीला सेल. हसण्यासारखं वाटतं, पण खेड्यातल्या माणसाने मर्म बरोबर पकडलंय. टॉर्चचा सगळा इतिहास हा सेलचाच इतिहास आहे. १८९९ साली डेव्हिड मिझेल याच्या नावाने अमेरिकेत हातात धरायच्या विजेच्या दिव्याचं पेटंट निघालं. ते घेतलं कॉनराड ह्यूबर्ट या रशियातून आलेल्या ज्यू निर्वासिताच्या कंपनीने. त्याने पहिले नमुने वापरायला दिले न्यूयॉर्कच्या पोलिसांना. म्हणजे 'टॅक्टिकल' हा काही आजचा शोध नाही. पण तेव्हाचा सेल इतका अशक्त की दिवा क्षणभर लावायचा, विझवायचा, सेलला दम खाऊ द्यायचा. 'फ्लॅशलाईट' हे नाव त्यातून पडलं. याच कंपनीचं पुढे 'एव्हररेडी' झालं. १९१४ मध्ये ती नॅशनल कार्बनने घेतली आणि १९१७ मध्ये नॅशनल कार्बन 'युनियन कार्बाइड'मध्ये सामील झाली.

हो, तीच युनियन कार्बाइड.

१९३४ मध्ये कलकत्त्याला तिची भारतीय कंपनी नोंदवली गेली. पुढची पन्नास वर्षं ज्या घरात वीज नव्हती, त्या घरात खुंटीला एव्हररेडीची बॅटरी टांगलेली असायची. कंपनीने नंतर भोपाळला 'सेविन' हे कीटकनाशक बनवायला सुरुवात केली. गिऱ्हाईक तोच, शेतकरी. २-३ डिसेंबर १९८४ च्या रात्री त्या कारखान्यातून मिथाइल आयसोसायनेट सुटला आणि हजारो माणसं मेली. १९८९ मध्ये ४७ कोटी डॉलरवर तडजोड झाली. १९९४ मध्ये युनियन कार्बाइडने भारतीय कंपनीतला आपला ५०.९ टक्के हिस्सा विकला, आणि त्या पैशातून भोपाळमध्ये गॅसपीडितांसाठी रुग्णालय उभं राहिलं. नवे मालक चहाच्या धंद्यातले, कलकत्त्याचेच. त्यांनी कंपनीचं नाव ठेवलं एव्हररेडी. दुकानात काहीच बदललं नाही. तोच लाल सेल. भोपाळ आणि घरातली बॅटरी यांचं नातं मला स्वतःला कॉलेज संपल्यावर कळलं, आणि अजून कितीतरी जणांना ते माहीत नसेल.

पुढची गोष्ट तर अगदी अलीकडची आहे. एप्रिल २०१८ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने साध्या झिंक-कार्बन सेलच्या किमती संगनमताने ठरवल्याबद्दल एव्हररेडीला सुमारे १७१ कोटी आणि निप्पोला सुमारे ४२ कोटी दंड ठोठावला. पॅनासॉनिकने आधी येऊन कबुली दिली म्हणून ती दंडातून पूर्ण सुटली. दहा-पंधरा रुपयांचा सेल घेणाऱ्याने कोणाकडे दाद मागायची? चर्चाही फारशी झाली नाही.

आता भावाला काय सांगितलं ते. काळ्या ॲल्युमिनियमच्या कुठल्याही नळकांड्याला हल्ली टॅक्टिकल म्हणतात. त्यातलं खरं कामाचं एवढंच: मागच्या टोकाला बटण, म्हणजे एका हातात खोरं असलं तरी दुसऱ्या हाताने चालू-बंद होते, आणि पाणी, चिखल आत जाऊ न देणारं रबर. लुमेनच्या आकड्यावर जाऊ नकोस. तो पहिल्या काही मिनिटांचा असतो, टॉर्च तापली की उजेड आपोआप उतरतो. 'दहा तास चालते' याचाही अर्थ बघ. आंतरराष्ट्रीय मोजणीत उजेड सुरुवातीच्या १० टक्क्यांवर येईपर्यंतचा वेळ धरतात. दहा टक्क्यांत घोणस दिसते का, ते तूच ठरव. आणि लांब फेकणाऱ्या झोतापेक्षा पायापाशी पसरणारा उजेड घे. नाग, मण्यार, घोणस, फुरसं पायापाशीच असतात.

सेलचं मात्र नीट ऐक. चार्जिंगच्या टॉर्चमध्ये बहुतेक '१८६५०' असतो: १८ मिलिमीटर जाड, ६५ मिलिमीटर लांब. या मापाच्या चांगल्या सेलची क्षमता आज साधारण २५०० ते ३५०० एमएएच. मी एकदा ऑनलाइन स्वस्तात ९९०० लिहिलेला घेतला होता. पंचवीस मिनिटांत टॉर्च डोळे मिटायला लागली. एवढी वीज त्या आकारात मावतच नाही, ही सरळ फसवणूक आहे. आयएस १६०४६ आणि नोंदणी क्रमांक छापलेला, आतून संरक्षक सर्किट असलेलाच सेल घ्यायचा, आणि सोबत एक भरलेला जादा, प्लॅस्टिकच्या डबीत. खिशात चाव्यांबरोबर नको, शॉर्ट झाला तर पेट घेतो. साधे सेल वापरणार असशील तर काम झाल्यावर काढून ठेव. त्यांचं जस्ताचं भांडंच वीज देताना झिजतं, मग गळतं, आणि टॉर्च आतून कुजते.

हे सगळं सांगून झाल्यावर मलाच कसंतरी वाटलं. न्यूयॉर्कच्या पोलिसाला गस्त घालायची होती, म्हणून त्याला टॉर्च लागली. माझ्या भावाला लागते, कारण कारखान्यांना दिवसा वीज द्यायची आणि पंपांना उरलेली, रात्रीची, अशी वाटणी वर्षानुवर्षं चालत आली. फिडर सौरऊर्जेवर चालवून शेतीला दिवसा वीज द्यायची योजना राज्याने २०१७ मध्ये आणली, २०२३ मध्ये तिची दुसरी आवृत्ती आली. काही ठिकाणी दिवसा लाईट मिळतेय, नाही असं नाही.

भावाच्या फिडरचा नंबर अजून लागलेला नाही. टॉर्च गुरुवारपर्यंत पोहोचेल असं दाखवतंय.