तळटीप : ग्रेव्हिलिया ‘रॉबिन गॉर्डन’
१२. रॉबिन गॉर्डन : ग्रेव्हिलिया या ऑस्ट्रेलियन प्रजातीतील प्रसिद्ध संकरित बागवाण. क्वीन्सलंडमधील ग्लेनमॉर्गनजवळ, मायल पार्क येथे डेव्हिड गॉर्डन यांच्या बागेत तो १९६०च्या दशकात आपसूक उगवला. त्यांच्या दिवंगत मुलीचे नाव त्याला देण्यात आले. त्याच्या दोन जनक जातींपैकी ग्रेव्हिलिया बँक्सिआय ही क्वीन्सलंडची, तर ग्रेव्हिलिया बायपिनॅटिफिडा पश्चिम ऑस्ट्रेलियाची. रानात या दोन जातींमध्ये अख्खा खंड आडवा येतो. त्यांचा संकर झाला तो दोन्ही एका बागेत लावल्या गेल्यामुळे. झुडूप साधारण दीड मीटर उंच, पाने नेच्यासारखी चिरलेली, लाल फुलांचे तुरे जवळजवळ बारमाही. मधासाठी पक्ष्यांची ये-जा असते. बियांपासून वाण जसाच्या तसा उतरत नाही, म्हणून रोपे छाटकलमाने करतात. ग्रेव्हिलियाच्या कुळातील झाडांच्या बारीक मुळांचे दाट झुपके निकस जमिनीतूनही स्फुरद ओढून घेतात. त्यामुळे वरून स्फुरदयुक्त खत दिल्यास झाड दगावू शकते. छाटणी करताना हातमोजे घालावेत, काहींच्या अंगावर याच्या स्पर्शाने पुरळ उठते. भारतात चहा-कॉफीच्या मळ्यांत सावलीसाठी लावतात तो सिल्व्हर ओक याच प्रजातीतला.