बाजरीतले काळे दाणे

अन्नातून होणाऱ्या आजारांचा धडा शिकवताना आपण माशा, शिळे अन्न आणि न धुतलेले हात यांची उदाहरणे देतो. ती योग्यच आहेत. पण त्यांवरून विद्यार्थ्यांची अशी समजूत होते की, अन्न बिघडते ते स्वयंपाकघरात. बीडसारख्या बाजरीच्या जिल्ह्यातील शाळांत याहून वेगळे एक उदाहरणही सांगायला हवे. त्यात अन्न उभ्या पिकातच विषारी होते.

१९५६ साली राज्य पुनर्रचनेत बीड जिल्हा हैदराबाद राज्यातून मुंबई राज्यात आला. या मुंबई राज्याच्या दक्षिण भागात बाजरी खाऊन झालेल्या विषबाधेच्या साथीचा वृत्तांत पटेल, बोमन आणि दलाल यांनी १९५८ साली प्रसिद्ध केला. साथीचे कारण होते अरगट. १९७५ मध्ये राजस्थानातही अशीच साथ आली. मळमळ, उलट्या, चक्कर आणि बराच काळ टिकणारी गुंगी ही तिची लक्षणे होती. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेतील कृष्णमाचारी आणि भट यांनी तिचा अभ्यास केला.

अरगट ही एक बुरशी आहे. बाजरी फुलोऱ्यात असताना पावसाची झड लागली, तर परागकण धुऊन जातात, परागीभवन लांबते आणि तेवढ्यात बुरशीचे बीजाणू फुलात शिरतात. कणसातून आधी मधासारखा चिकट द्रव पाझरतो. मग दाण्याच्या जागी कठीण, काळपट गाठ तयार होते. तिच्यात अल्कलॉइड ही विषारी द्रव्ये असतात. भाकरी भाजली तरी ती पूर्णपणे नष्ट होत नाहीत.

युरोपात मध्ययुगात राय या धान्यावरील अरगटाने हातपाय जळजळत आणि सडून गळत. लोक त्याला 'सेंट अँथनीचा अग्नी' म्हणत. या बुरशीचे जीवनचक्र १८५३ साली फ्रान्सच्या ट्यूलानने उलगडले. बाजरीवरील बुरशी त्याच कुळातली, पण निराळ्या जातीची. तिची अल्कलॉइडेही वेगळी असल्याने आपल्याकडील रोग्यांत हातपाय सडले नाहीत.

आज विक्रीच्या धान्यात अरगटाचे प्रमाण वजनाने ०.०५ टक्क्यांहून अधिक असू नये, असा नियम आहे. परंतु घरच्या कणगीतली बाजरी कोण तपासणार? आणि कोरडवाहू शेतकऱ्याने वर्षाचे धान्य टाकून तरी कसे द्यावे?

उपाय सोपा आहे. दहा लिटर पाण्यात दोन किलो मीठ विरघळवून त्यात बाजरी ओतावी. हलक्या गाठी तरंगतात, त्या काढून टाकाव्यात. तळाशी राहिलेली बाजरी दोन-तीनदा स्वच्छ पाण्याने धुऊन वाळवावी. पेरणीच्या बियाण्यालाही हीच रीत लागू पडते. मात्र हे दळण्यापूर्वीच करायला हवे, कारण पिठातून अरगट वेगळे काढता येत नाही.

घनतेच्या धड्यात हा प्रयोग वर्गातही करून दाखवता येईल. जी मुले तो पाहतील, ती घरी जाऊन कणगीत नक्की डोकावतील.