प्रभावती : कामावर गेलेली आगबोट

घोडबंदर रोडवरून रोज जा-ये करताना हा रस्ता एका बंदराकडे जातो, हे आपण विसरून गेलो आहोत. इथे अरबी घोडे उतरत, म्हणून हे घोडबंदर. खाडीकाठचा पोर्तुगीजांचा किल्ला १७३७ साली मराठ्यांनी घेतला. आता तिथे टॉवर उभे आहेत आणि त्यांत कोकणातून आलेली आमची घरेही आहेत. या घरांत आजोबा-पणजोबांपैकी कोणी ना कोणी 'जहाजावर' होताच. कोणत्या जहाजावर, हे मात्र कोणी विचारलेले नसते.

१९३९ साली दुसरे महायुद्ध सुरू झाले, तेव्हा रॉयल इंडियन नेव्हीकडे जेमतेम आठ युद्धनौका होत्या. एवढा लांब किनारा राखायचा कसा? मग सरकारने व्यापारी बोटी ताब्यात घेतल्या. विलायतेत हेच काम मासेमारीच्या ट्रॉलरांकडून करून घेतले जात होते. जाळे ओढणारी बोट सुरुंग कापणारी तारही ओढू शकते, हे त्यामागचे साधे गणित. आपल्याकडे किनाऱ्यावरच्या आगबोटींवर तोफ बसली आणि त्या गस्तीला लागल्या. 'प्रभावती' अशाच सहायक गस्ती बोटींपैकी एक.

डिसेंबर १९४१. पर्ल हार्बरवरच्या हल्ल्याला एक-दोन दिवसच झाले होते. प्रभावती बार्ज ओढत कराचीकडे निघाली होती. अरबी समुद्रात रात्री ब्रिटिश क्रूझर 'ग्लासगो'ला ती दिसली. अंधारात बोट आणि बार्ज मिळून जो आकार दिसला, तो क्रूझरवाल्यांना पाण्यावर आलेल्या जपानी पाणबुडीचा वाटला. सुमारे साडेपाच किलोमीटरवरून सहा इंची तोफा डागल्या गेल्या आणि प्रभावती बुडाली. शत्रूच्या नव्हे, आपल्याच बाजूच्या तोफांनी.

युद्धापूर्वी आरमारातले खलाशी बहुतांशी रत्नागिरी जिल्ह्यातले असत. त्यांत कोकणी मुसलमानांचा भरणा मोठा होता. तरीही 'मुसलमानांनी या देशासाठी काय केले' असा प्रश्न आला की आम्ही तलवारी आणि किल्ले आठवतो. भट्टीपाशी कोळसा ओढणारा आगवाला आमच्या तोंडी येत नाही.

मुंबईत मस्जिद बंदरजवळच्या इंडियन सेलर्स होममध्ये स्मरणग्रंथ ठेवला आहे. ज्यांना दर्याशिवाय दुसरी कबर मिळाली नाही, अशा नौदलातल्या चारशेहून अधिक आणि व्यापारी जहाजांवरच्या सुमारे सहा हजार खलाशांची नावे त्यात आहेत. घोडबंदरहून तिथे पोचायला फार तर दोन तास लागतात. ज्यांच्या घरात जहाजाचा जुना दाखला ट्रंकेच्या तळाशी पडून आहे, त्यांनी तो आधी बाहेर काढावा. त्यावरचे बोटीचे नाव मुलांना वाचून दाखवावे. फातिहा पढताना नाव ठाऊक असलेले बरे.