बुळकांडी आणि पशुवैद्याचे धर्मसंकट

माणसांवर उपचार करणाऱ्या डॉक्टरला 'आपण कोणाचे?' हा प्रश्न सहसा पडत नाही. तो रोग्याचा असतो. पशुवैद्याची गोष्ट निराळी. त्याच्यापुढे रोगी असतो बैल, त्याला बोलावणारा असतो शेतकरी, आणि रोग साथीचा असला तर गावातली बाकीची सारी गुरे व त्यांचे धनीही त्याच्याकडे डोळे लावून बसलेले असतात. या तिघांचे हित एक असेल तोवर ठीक. पण ते परस्परांविरुद्ध उभे राहिले म्हणजे वैद्याने बाजू कोणाची घ्यावी? इतिहासात हा प्रश्न सर्वांत कठोरपणे विचारला तो बुळकांडी या रोगाने.

बुळकांडीचे नावही आजच्या तरुणांना ठाऊक नसेल. जनावराला ताप भरावयाचा, तोंडात व्रण पडावयाचे, नाकाडोळ्यांतून पाणी गळावयाचे, मग हगवण लागून आठदहा दिवसांत दावे रिकामे व्हावयाचे. ऐन पेरणीच्या तोंडावर बैलजोडी गेली म्हणजे त्या कुणब्याचे सारे वर्षच गेले. औषध कोणाकडेच नव्हते.

अठराव्या शतकाच्या आरंभी हा रोग इटलीत शिरला, तेव्हा पोपचे वैद्य लान्चीसी यांनी निष्ठुर सल्ला दिला: आजारी जनावर बरे करीत बसू नका, ते मारा, पुरा, आणि गुरांची ने-आण बंद करा. १७१४ साली लंडनच्या आसपास साथ आली तेव्हा राजवैद्य टॉमस बेट्स यांनी तोच मार्ग धरला. मात्र मारलेल्या जनावरांची भरपाई धन्याला देवविली. हे लोक क्रूर नव्हते. एकाचा जीव घेऊन शंभरांचा वाचवावा, असा त्यांचा हिशेब होता.

हिशेब सोपा, पण पचनी पडण्यास कठीण. १८६५ साली इंग्लंडात पुन्हा बुळकांडी उतरली तेव्हा उपचार करून पाहू म्हणणारे पुष्कळ निघाले. हरतऱ्हेची औषधे झाली, महिने गेले, गोठे ओस पडले. अखेर फेब्रुवारी १८६६ मध्ये कायदा करून सक्तीची कत्तल सुरू झाली, आणि पुढच्या वर्षी रोग हटला. येथे दयाळू वैद्याने वेळ दवडला आणि निष्ठुर वैद्याने गुरे वाचविली, असे कोणी म्हटले तर त्याला उत्तर देणे अवघड आहे.

मग हिंदुस्थानात काय करावयाचे? १८६९ साली सरकारने हॅलन यांच्या अध्यक्षतेखाली गुरांच्या साथींचा विचार करण्यासाठी एक आयोग नेमला. १८७१ साली त्याचा अहवाल आला. पण जेथे गाय पूज्य आणि बैल घरचा माणूस, तेथे सरकारी हुकमाने गोठ्यातली गुरे मारणे शक्यच नव्हते. तेव्हा दुसरी वाट शोधणे भाग पडले. त्या वाटेचा आरंभ आपल्या पुण्यात झाला. १८८९ साली येथील सायन्स कॉलेजात जंतुशास्त्राची सरकारी प्रयोगशाळा निघाली. लिंगार्ड हे तिचे प्रमुख. पुढे १८९३ साली ती कुमाऊँच्या पहाडात मुक्तेश्वरला हलविण्यात आली, कारण अशा रोगांवरचे काम वस्तीपासून दूर असलेलेच बरे.

मुक्तेश्वरला रक्तजल, म्हणजे सीरम, तयार होऊ लागले. पण धर्मसंकट टळले नाही, त्याने केवळ रूप पालटले. सीरम मिळविण्यासाठी जनावरांना मुद्दाम रोग टोचून त्यांचे रक्त काढावे लागे. त्यात नुसत्या सीरमचे संरक्षण थोडे दिवसच टिके. कायमचे हवे तर सीरमबरोबर रोगट रक्तही टोचावे लागे. म्हणजे विश्वासाने गोठ्याचे दार उघडणाऱ्या शेतकऱ्याच्या धडधाकट बैलाला वैद्याने स्वतःच्या हाताने बुळकांडी द्यावयाची! बहुतेक जनावरे तरत, एखादे दगावे. तो धनी वैद्याला काय म्हणत असेल?

१९२०नंतरच्या दशकात मुक्तेश्वरलाच एडवर्ड्स यांना आढळले की रोगाचा विषाणू शेळ्यांमधून वारंवार फिरविला म्हणजे गुरांसाठी पुष्कळ सौम्य होतो. ही शेळीची लस स्वस्त होती. परंतु पहाडी व संकरित गुरांना तीही जड जाई. १९५४ साली देशभर निर्मूलनाची मोहीम सुरू झाली. १९९५ साली तमिळनाडूत शेवटची साथ दिसली. आणि २०११ साली सारे जग बुळकांडीमुक्त झाल्याचे जाहीर झाले. तत्पूर्वी एक अखेरची कसोटी होतीच: रोग खरोखर गेला हे सिद्ध करण्यासाठी टोचणी थांबवावी लागते, म्हणजे गुरे उघड्यावर सोडावी लागतात. तेही धाडस पशुवैद्यांनी केले.

आपण कत्तलीवाचून रोग जिंकला, याचा अभिमान जरूर धरावा. पण ही दया फुकट मिळाली नाही. इंग्लंडने दोन वर्षांत जे साधले त्याला आपल्याला शतकाहून अधिक काळ लागला, आणि त्या काळात मेलेली गुरे गरिबांचीच होती. उलट, मारण्याचा मार्ग बंद होता म्हणूनच लशीचा शोध इतक्या नेटाने झाला, हेही तितकेच खरे.

प्रश्न मात्र बुळकांडीबरोबर पुरला गेला नाही. २००६ साली नवापूरला बर्ड फ्लू आला तेव्हा कोंबड्या मारून खड्ड्यात पुरल्या. २०२२ साली गुरांना लम्पी झाला तेव्हा शेळ्यांच्या देवीची लस घेऊन टोचणारे गावोगाव फिरले. रोग वेगळे, साधने वेगळी, हे मान्य. तरीही कोणाच्या वाट्याला सुई यावी आणि कोणाच्या वाट्याला खड्डा, हे केवळ शास्त्र ठरवीत नाही. ते आपण सारे मिळून ठरवितो. त्या निर्णयाचे ओझे एकट्या पशुवैद्याच्या खांद्यावर टाकून आपण मोकळे होऊ नये, एवढेच मला सुचवावयाचे आहे.