तुरुंगाच्या आधीचे काळे पाणी

अंदमान म्हटले की मराठी माणसाला सेल्युलर जेल आठवते. ते स्वाभाविकही आहे. पण हे जेल बांधायला १८९६ साली सुरुवात झाली आणि काम पुरे झाले १९०६ साली. काळ्या पाण्याच्या कैद्यांची पहिली तुकडी मात्र येथे १० मार्च १८५८ रोजीच उतरली होती. म्हणजे तुरुंग उभा राहण्यापूर्वी जवळजवळ अर्धे शतक काळे पाणी होतेच. त्या काळातील माणसांची खूण कुठे सापडते, हे पाहण्यासाठी आम्ही काही शिक्षकांनी सुट्टीच्या सहलीतला अखेरचा दिवस पोर्ट ब्लेअरसाठी राखून ठेवला. (२०२४ साली शहराचे नाव श्री विजय पुरम झाले; येथे इतिहासातले नाव वापरले आहे.)

सकाळी बोटीने रॉस बेटावर गेलो. २०१८पासून ते नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप आहे. वडा-पिंपळाच्या मुळांनी कवटाळलेले चर्च, साहेबांची बेकरी, नाचघर यांचे अवशेष पर्यटक हौसेने पाहतात, हरणांना जवळ बोलावतात, शहाळे पितात. आम्हीही प्यालो. पण हे जंगल तोडले कोणी? डॉ. जेम्स वॉकर याने आणलेल्या २०० कैद्यांनी आणि त्यांच्या मागून आलेल्यांनी. त्यांत १८५७च्या उठावातील हिंदू होते, मुसलमान होते. शिपाई होते तसे मौलवीही होते. पळून गेलेल्या व पुन्हा सापडलेल्या ऐंशीहून अधिक कैद्यांना वॉकरने एकाच दिवशी फासावर चढवले. त्यांच्या नावांची पाटी रॉसवर आमच्या पाहण्यात आली नाही.

तेथून परतून आम्ही साउथ पॉइंटला गेलो. येथे अल्लामा फज्ल-ए-हक खैराबादी यांची मजार आहे. हे तर्कशास्त्राचे मोठे विद्वान, अरबीचे कवी आणि मिर्झा गालिबचे स्नेही. उठावात सामील असल्याच्या आरोपावरून १८५९ साली त्यांना जन्मठेप झाली आणि १८६१ साली ते येथेच वारले. उठावाची हकिकत सांगणारा ‘अस्सौरतुल हिंदिया’ हा अरबी ग्रंथ त्यांनी याच बेटावर रचला. कोळशाने कापडाच्या तुकड्यांवर तो लिहिला गेला आणि लपवून मुलाकडे पोहोचवला गेला, असे परंपरेने सांगतात. सुटकेचा हुकूम घेऊन मुलगा बंदरावर उतरला तेव्हा समोरून बापाचा जनाजा चालला होता, अशीही कथा आहे. कथेचे सोडून द्या. मजार खरी आहे. आम्ही फातिहा पढली. तासाभरात दुसरा कोणी पर्यटक तिकडे फिरकला नाही.

दुपारी भूक लागली. बाजारातल्या एका मापिल्ला खानावळीत पराठा, माशाचे नारळ घातलेले कालवण आणि बिर्याणी मागवली. वाढणारा मुलगा आमच्याशी सरळ हिंदुस्तानीत बोलत होता. हे जेवण आणि ही बोली म्हणजेसुद्धा इतिहासाची कागदपत्रेच आहेत. १९२१च्या मलबार उठावानंतर शेकडो मापिल्ला कैदी अंदमानात धाडले गेले. पुढे त्यांची कुटुंबेही आली आणि त्यांनी वसवलेल्या गावांना त्यांनी आपल्या मुलखातलीच नावे दिली : कालिकत, मंजेरी, तिरूर, वंडूर. प्रवाळ पाहायला वंडूरच्या धक्क्यावर बोटीत चढताना हे नाव मलबारातून आले आहे, याची आम्हा कोणाला कल्पना नव्हती. भाषेचेही तसेच. पंजाब, बंगाल, मद्रास, मुंबई इलाखा अशा सर्व ठिकाणचे कैदी एकत्र आले. एकमेकांशी बोलायला हिंदुस्तानी उपयोगी पडली आणि पुढच्या पिढ्यांची ती घरची बोली झाली.

संध्याकाळी सेल्युलर जेल. सात रांगांपैकी आता तीनच उभ्या आहेत. सावरकरांच्या कोठडीपुढे मराठी मंडळींची रांग होती. तेथे आम्हाला मौलवी मुहम्मद जाफर थानेसरी आठवले. सरहद्दीवरील मुजाहिदांना मदत केल्याच्या आरोपावरून अंबाल्याच्या खटल्यात १८६४ साली त्यांना फाशी सुनावली गेली. पुढे ती काळ्या पाण्यात बदलली. जानेवारी १८६६मध्ये ते येथे पोहोचले, मुन्शी म्हणून राबले, स्वतः इंग्रजी शिकले, साहेबांना उर्दू शिकवले आणि १८८३ साली मायदेशी परतले. त्यांची आत्मकथा ‘तवारीख-ए-अजीब’ उर्दूत ‘काला पानी’ या नावानेच ओळखली जाते. अंदमानला नेण्यापूर्वी त्यांना ठाण्याच्या तुरुंगात ठेवले होते. सुमारे ४५ वर्षांनी, १९११ साली, सावरकरही त्याच ठाण्याच्या तुरुंगातून अंदमानला गेले आणि त्यांनी ‘माझी जन्मठेप’ लिहिले.

दोघांचे विचार वेगळे, काळ वेगळा. वाट मात्र एक. तरी मराठी शाळेतल्या मुलाला थानेसरी ठाऊक नसतात आणि आमच्या उर्दू शाळेतल्या मुलाला ‘माझी जन्मठेप’ हे नाव केवळ ऐकून माहीत असते. एकाच बेटाचा इतिहास दोन कपाटांत कुलूपबंद पडला आहे. ज्यांच्यासाठी इमारत उरली, त्यांची आठवण उरली. ज्यांची नुसती कबर, पुस्तक किंवा गावाचे नाव उरले, ते विस्मृतीत गेले. दोष पर्यटकाचा नाही. त्याला जे दाखवले जाते, ते तो पाहतो.

दोन्ही कपाटांच्या किल्ल्या ज्यांच्या हाती आहेत, असे लोक महाराष्ट्रात आपणच आहोत. आपण उर्दू वाचतो, मराठी लिहितो. थानेसरींचे पुस्तक चांगल्या मराठीत यावे, खैराबादींवर एखादा पाठ मुलांपर्यंत पोहोचावा आणि उर्दू शाळेच्या ग्रंथालयात सावरकरांचे पुस्तकही असावे. पटो न पटो, वाचले तर पाहिजे. अंदमानला जाणाऱ्या वाचकांनी आणखी एक करावे : अखेरच्या दिवशी खरेदीतला एक तास वाचवून साउथ पॉइंटला जावे आणि मुलांना बरोबर न्यावे.