फर्डिनंड आणि एव्हेलिना

रॉथ्सचाइल्ड म्हटलं की आपल्याला राजांना कर्ज देणारी पेढी आठवते. व्हिएन्नाच्या शाखेतल्या फर्डिनंडला मात्र पेढीत रस नव्हता. १८६५ मध्ये त्याने लंडनच्या शाखेतल्या एव्हेलिनाशी लग्न केलं. या घराण्यात नात्यातच सोयरीक होई. पैसा घरातच राही. दीड वर्षात ती बाळंतपणात गेली. मूलही वाचलं नाही.

पुढे? १८६९ मध्ये साऊथवर्कच्या गरीब वस्तीत त्याने आजारी मुलांसाठी तिच्या नावाचं इस्पितळ काढलं. ते नाव आजही लंडनमध्ये आहे. मग १८७४ मध्ये बकिंगहॅमशायरात उघडी टेकडी घेतली, घोड्यांकरवी मोठमोठी झाडं आणून लावली, फ्रेंच थाटाचा वॉड्सडनचा वाडा उठवला. तिथे खुद्द राणी येऊन गेली. यजमानीण बहीण अ‍ॅलिस; दुसरं लग्न त्याने केलंच नाही.

आम्ही आधी इस्पितळ दानाच्या खात्यात टाकत होतो, वाडा चैनीच्या. (तत्त्वज्ञानवाल्यांना खाती पाडायची खोडच!) आता तसं जमत नाही. मुलांचं इस्पितळ आणि मुलं नसलेलं ते अवाढव्य घर, दोन्ही एकाच मृत्यूच्या छायेत दिसतात.

१८९८ मध्ये, एकोणसाठाव्या वाढदिवशीच, तो वारला. वेस्ट हॅमच्या ज्यू दफनभूमीत तिच्यासाठी त्यानेच बांधलेल्या समाधीत त्याला तिच्याशेजारी ठेवलं.